नाट्यगृहाला निधी मिळाला, नाटक करणाऱ्यांचे काय?

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळाले. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ मध्ये खासबाग मैदानाला लागून बांधलेले हे 'पॅलेस थिएटर' डोळ्यांसमोर जळताना पाहून अनेक ज्येष्ठ कलावंत रस्त्यावर उभे राहून रडले. पुढे मंत्री आले, पाहणी झाली आणि पुनर्बांधणीसाठी कोट्यवधींचा सरकारी निधी जाहीर झाला. निधी मिळायलाच हवा होता, त्याबद्दल कुणाचे दुमत नाही.

प्रश्न पुढचा आहे. त्या रंगमंचावर जे उभे राहतात, त्या छोट्या नाट्यसंस्था, शाहिरी पथके, आंबेडकरी जलसे, बालनाट्य चालवणारे शिक्षक, चित्रकारांचे गट यांच्या खिशात काय आहे? इमारतीला पैसा मिळवणे तुलनेने सोपे असते. इमारत दिसते, तिची कोनशिला बसवता येते, उद्घाटनाची फीत कापता येते. एखाद्या संस्थेने वर्षभर भाड्याच्या खोलीत तालमी केल्या, वीजबिल भरले, लेखापरीक्षकाची फी दिली, याचे छायाचित्र कोण छापणार? आणि संस्था बंद पडतात त्या नेमक्या याच खर्चापायी.

आपल्या भागात अशा संस्थेचे 'कार्यालय' म्हणजे बहुधा चिटणीसाच्या घरातले एक कपाट असते. त्यात नोंदणीचे प्रमाणपत्र, जुनी पावती पुस्तके, स्पर्धेत मिळालेली ढाल आणि दोन-तीन वर्षे न लिहिलेले इतिवृत्त. तालीम शाळेच्या वर्गात, समाजमंदिरात किंवा विहारात, तेही संध्याकाळी सातनंतर कुणी चावी दिली तर. राज्य नाट्य स्पर्धेचा हंगाम आला की दिग्दर्शक पीएफमधून पैसे काढतो, कुणी बायकोचे दागिने गहाण ठेवतो, आणि प्रयोग झाल्यावर 'हौसेला मोल नाही' म्हणत सगळे घरी जातात. या हौसेचा हिशोब कधी मांडला जात नाही. त्यामुळे नाटकाला खरोखर किती पैसे लागतात हे संस्थेलाच ठाऊक नसते, मग देणाऱ्याला कुठून कळणार?

सरकारी योजना नाहीत असे नाही. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या कला संस्कृती विकास योजनेत गुरू-शिष्य परंपरेसाठी मदत आहे, गुरूला महिना १५,००० रुपये आणि शिष्याला वयानुसार २,००० ते १०,००० रुपये. त्याच योजनेत कार्यक्रम आणि नाट्यनिर्मितीसाठी वेगळे अनुदान आहे, साधारणपणे कमाल ५ लाखांपर्यंत. राज्य सरकारची ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांसाठीची मानधन योजना आता राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने चालते आणि तिच्यात महिना ५,००० रुपये मिळतात. हे मानधन गरजू वृद्ध कलावंताला आधार देते, पण ते व्यक्तीला आहे. संस्थेचे भाडे त्यातून निघत नाही.

निर्मिती अनुदानाचा हिशोब एकदा कागदावर करून पाहा. अनुदान मंजूर खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंतच मिळते, बाकीचा भाग संस्थेने उभा करायचा. शिवाय मंजूर रक्कम दोन हप्त्यांत येते, आधी ७५ टक्के आणि कार्यक्रम झाल्यावर, सनदी लेखापालाने तपासलेला हिशोब दिल्यावर, उरलेले २५ टक्के. समजा नाटकाचा खर्च ४ लाख आहे. अनुदान ३ लाख. पहिला हप्ता २ लाख २५ हजार. म्हणजे पडदा उघडण्याआधी संस्थेकडे स्वतःचे १ लाख आणि दुसऱ्या हप्त्याच्या भरवशावर उसने घेतलेले ७५ हजार, असे पावणेदोन लाख हवेत. ज्या मंडळींकडे इतके पैसे पडून असतील त्यांना अनुदानाची तेवढी निकड नसते, आणि ज्यांना निकड आहे ते अर्ज करायलाच धजत नाहीत. पहिला हप्ता येईपर्यंतही वाट पाहावी लागतेच. नटाला, नेपथ्यवाल्याला आणि टेम्पोवाल्याला मात्र त्या दिवशीच पैसे द्यावे लागतात.

योजना आखणाऱ्यांनी मनात धरलेली संस्था आणि प्रत्यक्षातली संस्था यांत इथेच अंतर पडते. अनुदान उपक्रमाला मिळते, संस्थेला नाही. नाटक झाले की पैसे संपतात, पुढच्या नाटकापर्यंत संस्था पुन्हा शून्यावर. कुणी म्हणेल, व्यवसायात असेच असते. पण व्यवसायात भांडवल असते.

उद्योगांच्या सीएसआर निधीचे काय? कोल्हापूरभोवती शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले अशा औद्योगिक वसाहती आहेत. कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या परिशिष्टात कला, संस्कृती आणि पारंपरिक कलांचे संवर्धन हा विषय स्पष्टपणे आहे. मात्र दोन टक्क्यांचे बंधन मोठ्या कंपन्यांनाच आहे. निव्वळ नफा ५ कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ संपत्ती ५०० कोटी, यांपैकी एक तरी अट पूर्ण व्हावी लागते. आपल्याकडच्या अनेक फाउंड्री आणि मशीनशॉप त्यात बसत नाहीत. ज्या बसतात त्यांच्याकडून पैसे घ्यायला संस्थेकडे १२ ए आणि ८० जी नोंदणी, तीन वर्षांच्या कामाचा दाखला आणि सीएसआर-१ क्रमांक लागतो. इतके करून दारात गेले तरी कंपनीला शाळेची स्वच्छतागृहे बांधून देणे सोयीचे वाटते. त्यात तिची चूक काढता येत नाही, लाभार्थी मोजता येतात.

म्हणजे सगळे रस्ते शेवटी कागदपत्रांपाशी येतात, आणि इथे दोष आपलाही आहे. महाराष्ट्रात संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदवली तरी १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालीही तिची नोंद होते. विश्वस्त बदलले तर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात, दाखल करावा लागतो. कलासंस्थांच्या गळ्यातला खरा फास हाच आहे. अध्यक्ष वारले, खजिनदार पुण्याला मुलाकडे गेले, नवी कार्यकारिणी टाळ्यांच्या गजरात निवडली गेली, पण अर्ज कुणी केला नाही. दहा वर्षांनी अनुदानाच्या अर्जाला विश्वस्तांची यादी जोडायची वेळ येते तेव्हा शासनाच्या दफ्तरी विश्वस्त म्हणून चार दिवंगतांची नावे असतात. बँक सही बदलून देत नाही. मग जुन्या अर्जांच्या रांगेत वर्ष-दोन वर्षे जातात आणि त्या काळात काम करणारी पोरे कंटाळून निघून जातात.

आयकराच्या बाजूने गेल्या काही वर्षांत बरेच बदल झाले आणि छोट्या संस्थांपर्यंत ते नीट पोहोचले नाहीत. पूर्वी १२ ए नोंदणी एकदा मिळाली की कायमची असे. २०२० च्या वित्त कायद्याने ती पाच वर्षांची केली. २०२१ मध्ये नव्याने नोंदणी घेतलेल्या असंख्य संस्थांची मुदत ३१ मार्च २०२६ पर्यंतची, आणि नूतनीकरणाचा अर्ज त्याच्या सहा महिने आधी करायचा. ज्यांना हे कळलेच नाही त्यांची करसवलत तर धोक्यात येतेच, शिवाय साठलेल्या मालमत्तेवर कर लागण्याचीही तरतूद आहे. दिलासा एवढाच की आधीच्या दोन वर्षांत प्रत्येकी ५ कोटींपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या संस्थांना १ एप्रिल २०२५ पासूनच्या अर्जांवर दहा वर्षांची नोंदणी मिळू शकते. आपल्यातली एकही कलासंस्था त्या ५ कोटींच्या जवळपास नाही, तेव्हा हा फायदा सगळ्यांचाच. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा जुना आयकर कायदा जाऊन २०२५ चा नवा आला आहे. कलमांचे क्रमांक बदलले, नोंदणी, हिशोब आणि विवरणपत्र ही त्रिसूत्री राहिली.

देणगीबद्दल दोन गोष्टी पावती पुस्तकाच्या आतल्या पानावर चिकटवून ठेवाव्यात. रोख २,००० रुपयांपेक्षा जास्त दिले तर देणाऱ्याला ८० जीची वजावट मिळत नाही, म्हणून मोठी देणगी चेकने किंवा यूपीआयने, आणि तीही संस्थेच्या खात्यावर, खजिनदाराच्या मोबाइल नंबरवर नव्हे. दुसरे, २०२१-२२ पासून देणगीदारांची यादी पॅन क्रमांकासह आयकर खात्याला ऑनलाइन द्यावी लागते, ३१ मे ही तिची मुदत ठरली. उशिराला दिवसाला २०० रुपये शुल्क. पाच हजारांच्या देणग्यांसाठी सहा महिने उशीर केला तर शुल्कच सगळ्या देणगीएवढे होऊ शकते.

जीएसटीची भीती मात्र उगाच बाळगली जाते. ५०० रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटाला जीएसटी नाही. लोककला किंवा शास्त्रीय कलेच्या सादरीकरणाचे कलावंताचे मानधन दीड लाखांपर्यंत असेल तर तेही करमुक्त आहे. तरीही 'पावती मागू नका, जीएसटी लागेल' असे म्हणणारे संयोजक भेटतात. त्यांना जीएसटी नको असतो की पावती नको असते, हे ज्याने त्याने ओळखावे.

दान आणि हिशोब यांचे नाते आपल्या परंपरेला नवीन नाही. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर, ज्याला लोक पांडवलेणी म्हणतात, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतला. त्याने भिक्खुसंघासाठी ३,००० कार्षापण दिले, पण संघाच्या हातात दिले नाहीत. गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे २,००० ठेवले, दरमहा शेकडा एक दराने. दुसऱ्या श्रेणीकडे १,०००, दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वर्षावासातल्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण. हिशोब करून पाहा. २,००० वर शेकडा एक म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस भिक्खूंना बारा-बारा म्हणजे २४०. एकही कार्षापण कमी-जास्त नाही. लेखात या ठेवीला 'अक्षय नीवी' म्हटले आहे. आणि व्यवहार निगमसभेत जाहीर करून नोंदवहीत नोंदवल्याचेही लिहिले आहे. ठेव कुठे, दर काय, व्याज कशासाठी, नोंद कुठे, सगळे दगडावर. आज आपल्या किती संस्थांचा ताळेबंद इतका स्पष्ट आहे?

आजच्या भाषेत हा कायम निधी. छोट्या कलासंस्थेने ३ लाखांची ठेव जमवली आणि सात टक्के व्याज धरले तर वर्षाला २१ हजार येतात. नाटक उभे राहणार नाही. पण लेखापरीक्षण, बदल अर्जाचा खर्च, वीजबिल आणि तालमीच्या जागेचे थोडेफार भाडे त्यातून भागेल, म्हणजे जे खर्च कोणतेही अनुदान देत नाही नेमके तेच. त्यासाठी देणगीदाराकडून 'ही रक्कम कायम निधीसाठी' असे लेखी घ्यावे लागते आणि पैसे कायद्याने ठरवलेल्या ठेवींमध्येच गुंतवावे लागतात. अडचणीत मोडायची ठेव वेगळी ठेवावी. सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहेत, एक उपभोगाला, दोन कामधंद्यात आणि चौथा अडीनडीसाठी राखून. आपण संस्थांमध्ये चारही भाग मंडपावर खर्च करतो.

कोल्हापूरचा इतिहासही काही शिकवतो. शाहू महाराजांनी केशवरावांना आधार दिला, अल्लादिया खाँसाहेबांना दरबारी आश्रय दिला, बाबासाहेबांच्या 'मूकनायक'ला २,५०० रुपये दिले. १९२० च्या मार्चमध्ये माणगाव परिषदेत बाबासाहेबांचे नेतृत्व जाहीरपणे पुढे आणणारे तेच. ६ मे १९२२ ला महाराज गेले. 'मूकनायक' १९२३ मध्ये बंद पडले. पुढे 'बहिष्कृत भारत'चीही पैशांअभावी तीच गत झाली, १९२७ ते १९२९. बाबासाहेबांसारखा अर्थशास्त्रज्ञ संपादक असूनही. कारण वाचक गरीब होता आणि जाहिरातदार दाराशी उभे करत नव्हता. एका मोठ्या दात्यावर उभे असलेले काम दात्याबरोबर डळमळते, हे त्यातून बाबासाहेबांनीही पाहिले. १९२४ ची बहिष्कृत हितकारिणी सभा आणि १९४५ ची पीपल्स एज्युकेशन सोसायटी या रीतसर नोंदणीकृत संस्था होत्या, हे विसरू नये.

नाटक मंडळ्यांकडे पाहा. ८ जुलै १९२१ ला मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी एकत्र 'मानापमान' केले, टिळक स्वराज्य फंडासाठी. तिकिटांवर लोक तुटून पडले. त्याच सुमाराला गंधर्व नाटक मंडळी मात्र कर्जात रुतत चालली होती. गर्दी होती, पण मखमली पडदे, अत्तरे आणि भरजरी शालू यांचा खर्च गर्दीपेक्षा वेगाने वाढत होता. केशवराव त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गेले, तरी त्यांची ललितकलादर्श बापूराव पेंढारकरांनी पुढे चालवली. मालक गेल्यावरही मंडळी राहते ती दुसरा कुणी जबाबदारी घेतो तेव्हाच. आपल्या किती पथकांत शाहिराशिवाय दुसऱ्या कुणाला बँकेचा पासबुक कुठे आहे हे ठाऊक असते?

आता थोडे घरचे बोलू. जलशाने समाज जागा केला, हे आपण प्रत्येक भाषणात सांगतो. भीमराव कर्डकांचे नाव घेतो, वामनदादांची गाणी लावतो. वामनदादा कर्डक गावोगाव फिरले, हजारो गीते लिहिली आणि आयुष्यभर पैशाने फाटकेच राहिले, हेही अभिमानाने सांगतो, जणू त्यात त्यांचाच मोठेपणा आहे आणि आपली काही जबाबदारी नाही. १४ एप्रिलच्या मिरवणुकीला साउंड सिस्टिम आणि लेझरची आगाऊ रक्कम रोख मोजली जाते, कारण ती दिल्याशिवाय गाडी येत नाही. गायक-वादकांच्या पथकाला 'समाजाचं काम आहे, समजून घ्या' म्हणून शाल-श्रीफळ आणि गाडीभाडे. तबलेवाल्याची त्या दिवसाची मजुरी बुडालेली असते. यावर कुणी बोलले की 'चळवळीत पैसा बघता का' हा ठरलेला प्रश्न. साउंडवाल्याला तो कुणी विचारत नाही.

वर्गणीतून होणाऱ्या कार्यक्रमाच्या अंदाजपत्रकात पथकाचे मानधन हा वेगळा, लेखी रकाना असावा, आणि निम्मी रक्कम आगाऊ द्यावी. पथकानेही लेखी दर सांगावा. त्यात फक्त गाण्याचे पैसे नसावेत. सहा तालमींचा प्रवास, वाद्यांची दुरुस्ती, पोशाखाची धुलाई, वर्षाच्या लेखापरीक्षणाचा वाटा, सगळे मांडावे. इतका आकडा ऐकून मंडळ बिचकेल. बिचकू द्यावे. पूर्ण रक्कम जमत नसेल तर बिल पूर्ण करून त्यात 'संस्थेची सवलत' म्हणून वजावट दाखवावी. निदान वहीत खरा खर्च राहतो, आणि पुढच्या वर्षी अनुदानाचा अर्ज भरताना तीच वही कामी येते.

खजिनदार आणि चिटणीस एकाच घरातले नकोत. दोन सह्यांशिवाय पैसे निघू नयेत. दर तीन महिन्यांनी जमा-खर्च विहाराच्या किंवा तालमीच्या जागेच्या फलकावर लावावा. हे सांगायला किरकोळ वाटते, पण आपल्या भागातल्या भांडणांत फुटलेल्या संस्था आठवून पाहा, वाद विचारांचा म्हणून सुरू झालेला दिसतो आणि खाली कुठेतरी न मिळालेली एक पावती निघते. चार-पाच छोट्या संस्थांनी मिळून एक अर्धवेळ हिशोबनीस ठेवला तर प्रत्येकीच्या वाट्याला फारसा बोजा येणार नाही. वाणिज्य शाखेत शिकणारी आपलीच मुले-मुली हे काम करू शकतात, मात्र फुकट नाही.

आणि नाट्यगृहाबद्दल. गायन समाज देवल क्लब १८८३ पासून टिकला, त्यात स्वतःच्या हक्काच्या जागेचा वाटा मोठा आहे. सगळ्यांना जागा मिळणार नाही. पण केशवराव भोसले नाट्यगृह सार्वजनिक पैशातून पुन्हा उभे राहते आहे, तर त्याच्या भाडेदरात नोंदणीकृत छोट्या संस्थांसाठी वर्षातले ठरावीक दिवस सवलतीच्या दराने राखून ठेवणे आणि तालमीसाठी एखादी खोली तासावर देणे महापालिकेला अशक्य नाही. भाडे आणि अनामत रकमेचे नियम इमारत वापरात येताना ठरतात, एकदा ठरले की वर्षानुवर्षे बदलत नाहीत. निवेदन द्यायचे तर ते आत्ताच, शहरातल्या सगळ्या छोट्या संस्थांच्या सह्यांनी, सोबत प्रत्येकीचा गेल्या तीन वर्षांचा तपासलेला हिशोब जोडून द्यायला हवे. ज्यांच्याकडे तो तयार नाही त्यांनी या आठवड्यात कपाट उघडावे.